सिलोन आणि माझा मुजरा

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सरदारांच्या पागेवर घोडे सांभाळत आणि माझी फी ते सरदार भरत. त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

महायुद्ध चालू होतं. दादा संस्थानच्या पलटणीबरोबर सिलोनला होता. तो रजेवर आला तो चिडलेलाच. मलाया जपान्यांनी घेतल्यापासून इंग्रजांना रबर सिलोनहूनच जात होतं, आणि बंदरावर बाँब पडले तेव्हा दादा पहाऱ्यावर होता. पण जेवताना त्याने सांगितलं ते वेगळंच. तिथली नारळ विकणारी बाईसुद्धा मत देते, त्या मतांवर निवडून आलेले मंत्री होतात, आणि एवढ्यावरही ते लोक खूश नाहीत. लढाईत आम्ही एवढं केलं, आता आमचं राज्य आमच्या हाती द्या, म्हणतात.

आबांनी ताट सरकवलं. ज्यांचं अन्न खातो त्यांच्या पागेशेजारी असलं बोलायचं नाही, म्हणाले. रजा संपेपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढे कॉलेजात वक्तृत्वाची सभा झाली. विषय होता युद्धातली वसाहतींची कामगिरी, अध्यक्ष आमचेच सरदार. मला माहीत होतं ते सिलोन, म्हणून मी सिलोन घेतलं. रबर, बंदर, बाँब इथपर्यंत पुढच्या रांगेतल्या पगड्या डोलत होत्या. मग माझ्या भावाने पाहिलेली म्हणून मी नारळवाली सांगितली, तिचं मत सांगितलं, तिच्या लोकांची मागणी सांगितली. मी खरोखर त्या बेटाबद्दलच बोलत होतो. ग्वाल्हेरचं नावही घेतलं नाही. पण सभागृहात प्रत्येकाला ग्वाल्हेरच ऐकू आलं. डोलणाऱ्या पगड्या थांबल्या. मागच्या बाकांवरून खादीच्या टोप्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि तिथे मी घोटाळा केला. आमच्या घरची मुलं सरदारांना पाठ दाखवत नाहीत. भाषण संपताच मी सवयीने तीन पावलं मागे सरलो आणि कमरेत वाकून मुजरा घातला.

टाळ्यांचं हसू झालं. "वाह रे बहादुर," मागून कोणी तरी म्हणालं, "बगावत भी और सलाम भी."

त्या दिवसापासून पुढच्या रांगेने मला फितूर मानलं आणि मागच्या बाकांनी हुजऱ्या. वर्गात माझ्या शेजारी कुणी बसेना.

दुसऱ्या दिवशी सरदारांनी आबांना आणि मला देवडीवर बोलावलं. आवाज चढवला नाही. फी चालू राहील, म्हणाले. फक्त पुढच्या सभेत उभं राहून सांगायचं, की भावाने सांगितलेलं सगळं खोटं होतं. आबा जमिनीकडे पाहत होते. मी हो म्हणावं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला हळूच हात लावला.

"दादा खोटं बोलत नाही, सरकार."

"मग तुझी फी सिलोनवाले भरतील."

एका अर्थाने तसंच झालं. दादाने सिलोनहून पगारातून फी पाठवली. सरदारांनी आबांकडचे घोडे काढून घेतले, गवत वाहायचं काम दिलं. आबा घरात माझ्या वाटचं पाणीसुद्धा आईच्या हातून पाठवू लागले.

बी. ए. चा निकाल लागला त्या दिवशी आबा माझ्याशी त्यानंतर पहिल्यांदा बोलले. "जा, मुजरा करून ये."

मी गेलो. पहिली फी सरदारांनीच भरली होती, ते उपकार खरे होते. देवडीत उभा राहून मी पास झाल्याचं सांगितलं, आभार मानले आणि दोन हात जोडले. वाकलो नाही.

सरदारांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सिलोनहून आलात वाटतं," म्हणाले आणि आत वळले.

बाहेर आबा गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी भारा खाली ठेवला, देवडीकडे तोंड केलं आणि रिकाम्या दाराला माझ्या वाटचा मुजरा घातला.