बुडालेल्या विहिरीची पाळी

झुंबरकाकांनी अजून पोलिसांत तक्रार दिलेली नाही. मला याचीच धास्ती बसली आहे. ज्याच्या तळहातात गळ घुसला आणि ज्याच्या कानशिलावर वल्ह्याचा घाव बसला, तो माणूस जर चौकीची पायरी चढत नसेल, तर त्याच्या मनात दुसरं काहीतरी आहे. तक्रार झाली असती तर आबांना इंदापूरला चार चकरा माराव्या लागल्या असत्या, माझ्या भावाने, नागेशने, ओळखीच्या लोकांना फोन केले असते, आणि प्रकरण कागदांत जाऊन थंड झालं असतं. आता ते पाण्यावरच आहे.

आबा म्हणजे माझे वडील, भीमराव. वय पंचाहत्तरच्या आसपास. वरकुट्याच्या पुढे, धरणाच्या काठावर आमची वस्ती. आबा जन्माने शेतकरी, पण मला ते आठवतात ते होडीतच. त्यांचं रान मी जन्मायच्या आधीच उजनीच्या पाण्याखाली गेलं. बदल्यात मिळालेल्या जमिनीत नागेश ऊस करतो. आबा तिथे कधी रमले नाहीत. "ही माती मला वळखत न्हाय, मी तिला वळखत न्हाय," म्हणतात, आणि गळ घेऊन पाण्यावर जातात.

जाळ्याचा त्यांना तिटकारा आहे. "जाळं टाकायचं अन् काठावर पडून घोरायचं. गळावर मासा तोंडासमोर येतो. त्येला कळतं कुणाशी गाठ हाय."

मासा वर आला की ते त्याला तडफडू देत नाहीत. होडीत बाभळीचं एक दांडकं असतं. मरळीसारखा दांडगा मासासुद्धा डोळ्यांच्या मागे एका घावात गार व्हायचा. लहानपणी मी होडीत बसले की तो आवाज ऐकून डोळे मिटायची आणि ते हसायचे. यंदा माघात मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा एका मरळीला त्यांनी पाच-सहा वेळा मारलं. मासा निसटून माझ्या पायावर आपटत होता, आबा गुडघ्यावर बसून दिसेल तिथे दांडकं घालत होते, खवलं आणि रक्त त्यांच्या चष्म्यावर उडालं होतं. शेवटी त्यांनी त्याच्या अंगावर पाय दिला. मग बराच वेळ धापा टाकत म्हणाले, "आता माशाला बी कळाय लागलंय, म्हातारा हाय."

म्हातारपणाबद्दल ते असंच बोलतात, कुणी शेजारी येऊन त्रास देतोय असं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, तरी पाण्यावरचा तरंगा दिसत नाही. म्हणून तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, बोटाला गुंडाळून बसतात आणि मासा लागल्याचं बोटाला कळतं. हात थरथरतात, त्यावर त्यांचा ठरलेला विनोद आहे. "चांगलंच हाय की. दोरी हलती, गांडूळ नाचतंय असं माशाला वाटतं. तरण्या पोरांना हे जमायचं न्हाय." होडीत चढताना मात्र कुणी हात पुढे केला तर त्या हातावर फटका बसतो.

त्यांची मासे धरायची जागा एकच. ती आमची विहीर.

पाण्याखाली गेलेल्या रानाच्या बांधावर आमची आणि झुंबरकाकांची सामाईक विहीर होती. झुंबरकाका आबांचे चुलत भाऊ, आबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्या विहिरीवरून दोघांचे वडील, सख्खे भाऊ असून, एकमेकांच्या जिवावर उठले होते. पाण्याच्या भांडणात आजोबांच्या डोक्यात इंजिनाचं हँडल बसलं आणि त्यांचा एक कान कायमचा गेला. मग चार जाणत्यांनी पाळी ठरवून दिली. सोमवार ते बुधवार पाणी आमचं, गुरुवार ते शनिवार त्यांचं, रविवारी विहीर मोकळी.

धरण भरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, भांडणच बुडालं. पण विहिरीच्या दगडी कडेला, कपारींना मोठा मासा राहतो. पाणी उतरायला लागलं की आसपासचा सगळा मासा तिथे गोळा होतो. आबांना ती जागा नेमकी सापडते. एका बाजूला कारखान्याची चिमणी विजेच्या मनोऱ्यामागे लपली आणि दुसऱ्या बाजूला वडाचं झाड देवळाच्या शिखराला टेकलं, की खाली विहीर. झुंबरकाकांनाही ती सापडते, कारण ते त्याच विहिरीत पोहायला शिकले. मग दोन होड्या एका जागी येऊ लागल्या. एका उन्हाळ्यात दोघांनी एकमेकांना पाण्यात ओढलं आणि बुडवायला धरलं. लोकांनी वेगळं केलं म्हणून वाचले. तेव्हा माझी आई प्रयागबाई आणि झुंबरकाकांची आई ठमाबाई या दोघी ओढ्यावर धुणं धुताना बोलल्या आणि जुनीच पाळी पुन्हा लावली. पाण्याची होती ती माशांची झाली. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण इतकी वर्षं दोन्ही घरांनी ती मोडली नाही.

आबांना पाळी पाठ आहे असं आम्ही समजत होतो. खरं म्हणजे ती आईला पाठ होती. पहाटे भाकरी बांधून देताना ती म्हणायची, "आज आपली हाय," नाहीतर, "आज त्यांची हाय, पुलाकडं जावा." आई गेली त्याला तीन वर्षं होतील. मध्यंतरी आबा पिशवी घेऊन बाजाराला गेले, मोकळं मैदान बघून परत आले आणि घरी सांगितलं, "बाजार लवकर उठला." बाजार दुसऱ्या दिवशी होता. नागेश हसला. मी हसले नाही, पण बोललेही नाही. माझी उत्कर्षा अकरावीला आहे, ती क्लासहून यायला जरा उशीर झाला की मी बारामतीच्या आमच्या गॅलरीत जाऊन उभी राहते. आबांसाठी जाऊन उभं राहावं अशी माझ्याकडे जागाच नाही.

गेल्या आठवड्यात मी माहेरी होते. नागेश म्हणाला, "ताई, तू तरी जा त्यांच्यासंगं, माझं ऐकत न्हायीत." म्हणून मी होडीत बसले. चिमणी मनोऱ्यामागे गेली तशी आबांनी होडी थांबवली आणि गळ सोडला. मला खटकलं. "आबा, आज गुरुवार ना?"

"मंगळवार," आबा म्हणाले. "बस गप."

थोड्या वेळाने झुंबरकाकांची होडी आली. ते लांबूनच हसत होते.

"काय आबा, वाट चुकला काय?"

"वाट तुझा बा चुकला हुता. मी न्हाय चुकत."

"आज गुरुवार हाय. आमची पाळी."

"मला वार शिकवतूस? चड्डीत हुतास तवा ह्याच हिरीत तुला मी पवाय शिकवलंय."

"शिकवलंसा की. म्हणून तर सांगतोय, बुडशीला." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "माधवे, शिकलेली हायेस, सांग की तुझ्या बापाला आज कंचा वार हाय."

"आबा, खरंच गुरुवार आहे," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "बारामतीला ऱ्हाऊन भाऊबंदांची झाली व्हय तू?"

काकांनी होडी अगदी लगत आणली, वाकून आमचा तंगूस पकडला आणि हातावर हात टाकत पाण्यातून वर ओढू लागले. "घ्या हे तुमचं, अन् व्हा बाजूला. चळलं म्हातारं."

गळ वर आला आणि त्यांच्या मुठीत गेला. दुसरं टोक आबांच्या बोटाला होतं. मासा लागल्यावर देतात तसा आबांनी झटका दिला.

गळ मोठ्या माशासाठीचा होता. तो काकांच्या तळहातात अंगठ्याखाली शिरला आणि टोक दुसरीकडून बाहेर आलं. ते ओरडले. आबांनी तंगूस मुठीला गुंडाळला आणि ओढलं, पुन्हा ओढलं, तसे काका हाताच्या मागे आमच्या होडीवर ओढले आले, दोन्ही होड्या धडकल्या, तळवा फाटत मनगटाकडे गेला. मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. मासा ओढताना असतं तसंच तोंड होतं, राग असा काहीच नव्हता. मग त्यांनी वल्हं उचललं. पहिला घाव कानशिलावर बसला. दुसरा, काकांनी होडीची कड धरली होती त्या बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मला आला. काकांनी त्याच मोडक्या हाताने वल्हं हिसकलं आणि त्याचं टोक आबांच्या बरगडीत घातलं. आबा माझ्या अंगावर पडले आणि पडल्या पडल्याही मुठीतली दोरी ओढत राहिले. चाकू सापडला तेव्हा मी तंगूस कापला. काका त्यांच्या होडीत मागे कोसळले, वल्हं आमच्या होडीत पडलं. पाण्यात रक्त पडत होतं आणि त्याभोवती चिलापी माशांची पिल्लं गोळा झाली होती.

परत येताना मीच वल्हं मारलं. आबा कुशीवर हात दाबून बसले होते. काठ जवळ आला. मग हात पुढे करून मला दाखवला.

"बघ. थरथरला न्हाय."

त्या दिवसापासून आबा वस्तीवर सगळ्यांना सांगतात, झुंबऱ्या आपल्या पाळीला चोरून आला आणि म्हाताऱ्या माणसावर हात टाकला. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यात तो मंगळवारच होता. आणि झुंबरकाकांना वाटतं, आबांनी मुद्दाम पाळी मोडली, विहीर गिळायची म्हणून. त्यांच्या हाताला टाके पडले, बोटं बांधली आहेत. डॉक्टरला त्यांनी सांगितलं, माझाच गळ मला लागला. वरकुट्यात चहाच्या गाड्यावर मात्र चार लोकांत म्हणाले, "गुरुवारी मी हिरीवर जाणार. कोण असंल तितं त्याचा पाय काठाला लागायचा न्हाय."

नागेशने हे ऐकलं आणि आबांच्या होडीत फळीखाली ऊसतोडीचा कोयता ठेवला. मी फोनवर त्याला सांगून पाहिलं, "नागेश, आबांचे वार चुकतात. त्या दिवशी पाळी आपली नव्हती. मी होते तिथे."

"ताई, तू डॉक्टरकी करू नको. आबांना सगळं कळतं. बरगडी कुणाची मोडली? त्यांची का आपली?"

"आणि त्यांचा हात?"

"मग त्यांनी कशाला घातला मधी?"

माझे यजमान म्हणतात, तुझ्या माहेरच्या भानगडीत मी काय बोलणार. उद्याच तो गुरुवार. आत्ता रात्री जायला गाडी नाही, आणि सकाळी निघावं म्हटलं, तर मी पोचेपर्यंत होडी गेलेली असेल. आबा उजाडायच्या आधी काठ सोडतात.

संध्याकाळी आबांशी बोलले. श्वास घेताना त्यांची बरगडी दुखत होती, ते मला फोनमध्ये ऐकू येत होतं. म्हणाले, "उद्या जातुय. आपली पाळी हाय."

"आबा, उद्या गुरुवार."

"बुधवार."

"आज बुधवार होता, आबा. उत्कर्षाला विचारा, कॅलेंडर बघा."

पलीकडे कॅलेंडरची पानं वाजली. मला वाटलं, पोचलं कुठेतरी. मग ते अगदी हळू म्हणाले, "तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं," आणि लगेच आवाज चढवून, "गुरुवार असू दे न्हायतर इतवार. आता म्या जाणारच. तो म्हणतुय पाय काठाला लागायचा न्हाय. बघू कुणाचा."

म्हणजे त्यांना कळलं आहे. निदान संशय आला आहे. आणि म्हणूनच ते जाणार आहेत. वार चुकला असं कबूल करण्यापेक्षा त्यांना कोयता सोपा वाटतो. उद्या त्यांनी झुंबरकाकांना मारलं, तर ते मान वर करून पोलिसांच्या गाडीत बसतील. त्यांना कुणी विसराळू म्हातारा म्हटलं, तर मात्र ते घराबाहेर पडणार नाहीत.

आबांना आता थांबवता येत नाही. झुंबरकाका थांबले तर थांबतील. त्यांना अजून वाटतं, आपल्यासमोर एक कपटी माणूस आहे. मला काकांना सांगायचं आहे की तो कपटी नाही, त्याला वार कळत नाहीत, आई गेल्यापासून त्याला पाळी सांगणारं कुणी उरलं नाही. होडीत तुम्ही जे म्हणालात, काका, चळलं म्हातारं, ते खरं होतं. माझ्या बापाबद्दल हे मी त्यांच्या भाऊबंदाला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. काका हसतील. कदाचित उद्या चहाच्या गाड्यावर हे सगळ्यांना सांगतील. आबांच्या कानावर ते गेलं, तर ते मला उंबऱ्यातून आत घेणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

पण वेड्याशी कुणी पाळीचं भांडण करत नाही. हे झुंबरकाकांनाही कळतं. एवढ्याच भरवशावर त्यांना म्हणणार आहे, काका, उद्या विहिरीवर येऊ नका, तेवढा एक गुरुवार सोडा, मी दुपारपर्यंत येते आणि आबांना माझ्याकडे घेऊन जाते.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, कधी लावलेला नाही. पहाटेपर्यंत थांबले तर ते उठून निघालेले असतील. आत्ताच लावते, त्यांना झोपेतून उठवते.