सात, साप, एकशे बारा

सोल्डरकाका. गल्लीत त्यांना सगळे याच नावाने ओळखायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत तेच चालू ठेवलं, फक्त गिऱ्हाइकांची कटकट गेली. हाताचा हुशार माणूस. कान मात्र विचित्र. दोन खोल्यांपलीकडे ट्रान्सफॉर्मर गुणगुणला तर ऐकू यायचं, शेजारी बसलेल्या माणसाला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागायची.

मुलगी तीन वर्षांची असताना त्यांची बायको गेली. मुलगी आता पस्तिशीची, दुसऱ्या गावात नोकरी करणारी. मागच्या वर्षी तिची मावशी तिला म्हणाली, की तू फोनवर बोललीस की ताईच बोलतेय असं वाटतं. तेव्हापासून पोरीच्या मनाने एकच घेतलं. तिने बाबांना फोन करून विचारलं, आईचा आवाज कुठे टेप केलेला आहे का? काका तेव्हा कुणाचीतरी इस्त्री उघडून बसले होते. नाही गं, त्या काळात कोण टेप करत होतं, असं म्हणून मोकळे झाले. खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि हेच जास्त वाईट.

महिनाभराने त्यांनी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेला. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, ते टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे. कॅसेटवरचा प्रोग्रॅम म्हणजे नुसती शिट्टी आणि खरखर, कुठला कुठे सुरू होतो ते कळायला मार्ग नाही. त्यावर उपाय बायकोनेच काढला होता. यांचे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून ती रेकॉर्डरसमोर बसायची आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी स्वतः बोलायची. क्रमांक, नाव आणि रेकॉर्डरच्या काउंटरवरचा आकडा. मग शिट्टी. अशा बारा कॅसेटी भरल्या होत्या.

काका कामाला लागले. फुगलेले कपॅसिटर बदलले, कळांखालची तडकलेली प्लास्टिकची पट्टी नवी बसवली, नव्या टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसावं म्हणून एक तार ओढली. मेमरी अवघी अठ्ठेचाळीस के, म्हणजे किलोबाइट. ती वाढवायला आणि कॅसेटीऐवजी मेमरी कार्ड लावायला एक छोटा बोर्ड हवा होता. तो मिळाला त्यांच्यासारख्याच एका वेड्याकडे, टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांकडे. मास्तरांनी बदल्यात बारा चांगल्या कॅसेटी मागितल्या, तशा आता मिळत नाहीत म्हणून. सौदा पटला.

मग दहा दिवस बसून काकांनी एकेक प्रोग्रॅम कार्डावर उतरवला. पद्धत साधी होती. कॅसेट लावायची, बोट बटणावर ठेवायचं आणि बायकोचं बोलणं संपून शिट्टी सुरू झाली की दाबायचं. बोलणं कार्डावर कशाला, उगाच जागा वाया. त्या कार्डावर असले लाखभर प्रोग्रॅम मावले असते, पण अठ्ठेचाळीस केमध्ये तारुण्य काढलेल्या माणसाचा हात सहजासहजी सैल होत नाही. त्रेसष्ट वेळा ती बोलली, आणि त्रेसष्ट वेळा काका तिचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघत बसले. संसारात तरी दुसरं काय केलं होतं म्हणा.

शेवटी त्यांनी बाराही कॅसेटींवरून रेकॉर्डिंग पुसायचं चुंबक फिरवलं. शेजारणीचं भांडं परत करताना घासून द्यावं, तशी त्यांची रीत होती. कुठे खरखर राहायला नको म्हणून दोनदा फिरवलं. मास्तर खूश झाले.

काकांनी मुलीला मुद्दाम बोलावून घेतलं. रविवारी ती आली. तिला खुर्ची देऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला. पूर्वी ज्याला सात मिनिटं लागायची तो प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. मग त्यांनी तिला सगळी यादी दाखवली, एक ते त्रेसष्ट. छाती फुगली होती. मुलीने कौतुकाने विचारलं, ही नावं तुम्ही ठेवलीत का?

"नावं तुझ्या आईची. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी कॅसेटवर तीच तर बोलायची. सात, साप, एकशे..."

मुलगी उठून उभी राहिली.

"कॅसेटी कुठे आहेत, बाबा?"

त्यांनी सांगितलं. टोलवाटोलवी केली नाही, तेवढा प्रामाणिकपणा अंगात होता. तरी मास्तरांना फोन लावून पाहिला. मास्तर म्हणाले, अहो, एकूण एक कोरी करकरीत, तुमचं काम म्हणजे काम. बायको गेली तेव्हा काकांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मुलगी हळूच म्हणाली, मावशी म्हणते ते खरं आहे का, माझ्यासारखाच होता का तिचा आवाज? काकांनी डोळे मिटून मनापासून आठवून पाहिलं. शब्द सगळे आठवत होते, क्रमाने, आकड्यांसकट. पण आवाज बारीक होता की भरदार, ती घाईघाईने बोलायची की हसू दाबून, यातलं काहीच हाती लागेना. असेल, एवढंच ते म्हणाले. तेवढ्याने तिचं समाधान होणार नाही हे त्यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि यादीवर बोट ठेवून, जमेल तेवढा हळू आवाज काढून म्हणायला सुरुवात केली.

"सात. साप. एकशे बारा. आठ. फासे. एकशे चाळीस."

मुलीने खुर्चीवरची पर्स उचलली.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "तुमचा आवाज मला माहीत आहे."