हात काहून थांबला?

“हात काहून थांबला जी?” एवढं एक वाक्य मी इतकी वर्षं कुणाला सांगायचं टाळलं. ते सांगायचं तर त्या बाईंबद्दल सांगावं लागलं असतं, आणि मग माझ्याबद्दलही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात संगणक आला. स्टोअरमधून दिलेल्या सुट्या भागांची नोंद करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. बाई नागपूरच्या कॉलेजात संशोधन करत. माणसं संगणकापुढे कशी काम करतात, हा त्यांचा विषय. मूळच्या पवनीच्या, धानाची शेती असलेल्या घरच्या. पावसाळाभर त्या रोज एसटीनं आल्या. कारकुनाच्या मागे स्टुलावर बसत. कीबोर्डला हात लावत नसत, पडद्याकडेही फारसं बघत नसत. बघत ती त्याची बोटं; ती अडली की तेच वाक्य विचारत.

आमचा कारकून चेष्टेखोर. “थकला म्हणून थांबला, बाई. लिहून घ्या.”

“पहिल्याच ओळीत थकते का जी?”

“साहेबाची ओळ हाये ना ते. भारी हाये.”

तो साहेब म्हणजे मी, मागेच उभा होतो.

पडद्यावरची माझी पहिली ओळ वस्तूचा क्रमांक विचारायची. खिडकीशी आलेला कामगार मात्र म्हणायचा, “दुसरी मशीन बंद पडून हाये, पट्टा द्या लवकर.” क्रमांक त्यालाही ठाऊक नसे आणि कारकुनालाही. मग जाडजूड सूची चाळणं आलं. रांग वाढत जाई, आणि कारकून आळशी आहे असं मी सांगत फिरे.

बाईंचा निबंध छापून आला. माणूस ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं पडद्यानं विचारावं, एवढंच त्यात होतं. इतक्या साध्या भाषेतलं संशोधन मी तोवर वाचलं नव्हतं. कुणाला दोष दिलेला नव्हता. मलाही नाही.

कारखान्याचं नाव नव्हतं, तरी मॅनेजर चिडले. बाईंना आणि मला बोलावून त्यांनी मला विचारलं, “या खरंच रोज इथे बसत होत्या? नसतील तर पुढची परवानगी बंद.”

मी चहाचा कप उचलत होतो. हात अर्ध्यावर थांबला. बाईंनी तो पाहिला.

“एकदोनदा येऊन गेल्या असतील,” मी म्हणालो.

त्यांनी काहीच विचारलं नाही. “येते जी,” म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. पुढे पडद्याचा क्रम मी त्यांच्या निबंधाप्रमाणे बदलला. रांग संपली. शाबासकी मी घेतली.

निवृत्तीनंतर एकदा पवनीला त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत कुणी मुलगी शिवणयंत्र चालवायला शिकत होती. यंत्र मध्येच थांबलं, आणि बाईंचा आवाज आला, “आता काहून थांबली वो?” त्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल. तेव्हाही नसायचा.

कडीकडे नेलेला माझा हात तसाच राहिला. मी परत फिरलो. पुन्हा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. बाई वारल्या, शेजारच्यांनी सांगितलं.

बोलायचं फार नव्हतं. एसटीत पाठ करून ठेवलं होतं : “बाई, तुम्ही रोज येत होता. मी रोज पाहत होतो.”