अण्णांची मोहर

सराफ बाजारातून जाताना सोनं आटवण्याच्या भट्टीचा उग्र वास आला, की मला दादाचा चेहरा आठवतो. सातपूरच्या कारखान्यात राबून अण्णांनी एक जुनी सोन्याची मोहर घेतली होती. पुस्तकं आणून तिच्यावरची फारसी अक्षरं त्यांनी फक्त मला वाचायला शिकवली. ते गेल्यावर दादानं ती सराफापुढे ठेवली.

"दादा, नाणं म्हणून विकलीस तर दुप्पट येतील," मी म्हणाले.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला आणि सराफाकडे वळला. "आटवून टाका."

मोहर वितळत असताना तो माझ्याकडेच पाहत होता. तेव्हा वाटलं, त्याला वहिनीच्या बांगड्यांची घाई आहे. आता कळतं, अण्णांनी मला जे दिलं, तेच त्याला आटवायचं होतं. मी त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही.