सुजाता लोकशाही शिकायला गेली

आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलमधली चार मराठी माणसं भेटलो की आधी मुलांच्या शाळा, मग व्हिसा आणि मग सुजाता, असा विषयांचा क्रम ठरलेलाच. सुजाता मेश्राम, मूळची नागपूरची. सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि बेचाळिसाव्या वर्षी युरोपात मानवी हक्क आणि लोकशाही या विषयात मास्टर्स करायला गेली. दोन वर्षं, दर सेमिस्टरला नवा देश, नवी युनिव्हर्सिटी! तिचे किस्से इतके साठलेत की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

राजीनाम्याचाच घ्या. मॅनेजरने विचारलं, "दुसऱ्या कंपनीत चाललीस?"

"नाही, डेमोक्रसी शिकायला."

"नवीन फ्रेमवर्क आहे का? आपल्या टीमलाही ट्रेनिंग देता येईल!"

*

इटलीत होस्टेलवर आठ देशांच्या आठ विद्यार्थ्यांत मिळून एक फ्रिज. कोणाचं दूध कोण पितंय, यावरून रोज भांडणं. शेवटी मुलांनी ठरवलं, फ्रिजचं संविधान लिहायचं! मसुदा समितीचं अध्यक्षपद एकमताने सुजाताकडे. पहिली ओळ, "आम्ही, या फ्रिजचे लोक..."

मी फोनवर म्हटलं, "सगळ्यात मोठी म्हणून तुझ्या गळ्यात मारलं ना?"

"मारू दे गं. आमच्याकडे या कामाचा वारसा आहे!"

*

तिचा नवरा प्रशांत आणि बारा वर्षांची रिया इथेच होते. एकदा प्रशांतने रियाचा फोन उघडून मेसेज वाचले. पोरीने लॅपटॉपवरून थेट आईला कॉल लावला.

"आई, बाबा रेड माय मेसेजेस! दॅट्स अ व्हायोलेशन!"

ओरडणं नाही, समजावणं नाही. सुजाताने फक्त विचारलं, "कलम कितवं?"

"ट्वेल्व्ह!"

प्रशांतने तपासलं. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं बारावं कलम खरंच खाजगीपणाचं निघालं. हल्ली तो दार वाजवून, आतून 'कम इन' आलं की मगच तिच्या खोलीत जातो.

*

दुसऱ्या वर्षी त्यांचा ग्रुप पूर्व युरोपातल्या एका खेड्यात निवडणूक बघायला गेला. नियम कडक होता. बघायचं, लिहायचं, मध्ये पडायचं नाही. बर्फातून चालत एक म्हातारी आली. यादीत तिचं नाव नव्हतं. अधिकाऱ्याने मान हलवली. सुजाताच्या हातात वही-पेनाशिवाय काहीच नव्हतं, म्हणून तिने ते वहीत लिहिलं.

म्हातारी जाता जाता तिच्यापाशी थांबली. दुभाष्यामार्फत विचारलं, "काय लिहिलंस?"

"तुमचं नाव. आणि तुम्हाला मत देता आलं नाही, हे."

म्हातारीने चष्मा लावला, वही हातात घेतली, सुजाताचं पेनही घेतलं.

"माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय," म्हणाली. नीट दुरुस्त केलं, खाली दोन रेघा मारल्या आणि निघून गेली.

हे आम्ही सुजाताच्या तोंडून ऐकलं तेव्हा समोरचा चहा पार निवला, पण कोणी कप उचलला नाही. आपण इथे 'आय व्होटेड'च्या स्टिकरसाठी मत देऊन येतो यार!

*

शेवटची तोंडी परीक्षा बेल्जियममध्ये झाली. पदवीदानासाठी म्हणून सुजाताची आई नागपूरहून आली होती. पहिलाच विमानप्रवास. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर झाडलोट केलेली बाई. परीक्षेच्या वेळी ती बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती.

आत तीन प्रोफेसर. त्यातल्या एका बाईंनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं.

"इथे तुम्ही एका सफाई कामगार स्त्रीबद्दल लिहिलंय. संध्याकाळी फळा पुसण्याआधी त्यावरची अक्षरं गिरवत ती वाचायला शिकली. सगळा युक्तिवाद या एका उदाहरणावर उभा आहे, पण खाली संदर्भ नाही. सोर्स काय?"

सुजाता म्हणाली, "सोर्स बाहेर बसलाय."

"मग आत बोलवा."

सुजाताने दार उघडून हाक मारली. आई डबा सावरत, पदर नीट करत उंबऱ्यात आली. तिला पाहून तिन्ही प्रोफेसर खुर्च्या मागे सारून उभे राहिले.

आई पटकन दारातून बाजूला सरली आणि मागे वळून बघायला लागली, कोण मोठं माणूस आलं म्हणून.