पहिली कुरडई

माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको आवडाबाई, करमाडात कुरडयांसाठी ओळखली जाते. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका आधी तिला विचारतात आणि मग गहू भिजत घालतात. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, एवढं कुणालाही जमतं. पण तो चीक शिजताना हाटत राहायचं आणि नेमका कधी उतरवायचा हे ओळखायचं, तिथं भल्याभल्यांची फजिती होते. मोठी माय पातेल्यात नुसती डोकावते आणि म्हणते, अजून दोन उकळ्या. दोन म्हणजे दोनच.

ती एकोणतीस वर्षांची असताना विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून मोठे काका गेले. त्यांची मुलगी प्रेरणा तेव्हा चार वर्षांची होती. मोठ्या मायनं शेत सांभाळलं, अंगणवाडीत खिचडी शिजवली, पोरीला बारावीपर्यंत शिकवलं आणि वैजापूरला दिलं. बोलायला ती फटकळ. तिच्या तावडीतून ग्रामसेवक सुटला नाही की सासू सुटली नाही. माझ्यासाठी मात्र ती कायम मऊ होती.

बारावीनंतर मी शहरातल्या कॉलेजात भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा अख्ख्या भावकीनं मला वेड्यात काढलं. बोलता तर येतंच की पोरीला, मग बोलण्याचं शिक्षण कशाला, असा एकूण सूर होता. एकटी मोठी माय म्हणाली, चीक काय सगळ्यांनीच पाहिलेला असतो, हाटायला मात्र शिकावंच लागतं. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

लग्नघरच्या कुरडयांची आमच्याकडे एक रीत आहे. पहिली कुरडई सवाष्णीनंच घालायची. पाच सवाष्णी जमतात, सोऱ्याला हळदकुंकू लावतात, पहिली कुरडई पडते आणि मग पुढच्या कामाला कुणीही हात लावावा. म्हणजे चीक हाटून हाटून खांदे भरून आलेली मोठी माय ऐन वेळी आपणहून बाजूला होते आणि पदराला हात पुसत भिंतीला टेकून बसते. कुणी तिला ऊठ म्हणत नाही, ती कुणाला म्हणू देत नाही. मला काय त्याचं, चीक तर माझाच हाय, असं म्हणून ती हसते आणि बाकीच्याही हसतात. मीसुद्धा लहानपणापासून त्या हसणाऱ्यांतच होते.

दुसऱ्या वर्षाला पद्मजा मॅडमनी आम्हाला काम दिलं. एका माणसाचं अर्धा तास बोलणं रेकॉर्ड करायचं आणि ते जसंच्या तसं लिहून काढायचं. मॅडम म्हणाल्या, रेकॉर्डर समोर असला की माणूस इस्त्रीचे कपडे घातल्यासारखा बोलतो. खरी बोली ऐकू येते ती रेकॉर्डर बंद झाल्यावर. त्याला जोडूनच त्यांनी बजावलं की म्हणून चोरून कधीही रेकॉर्ड करायचं नाही. पहिलं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. दुसरं घेतलं नाही.

माणूस शोधायला मला लांब जायचं नव्हतंच. एप्रिलात मी करमाडला गेले. मोठ्या मायनं परवानगीच्या कागदावर एकेक अक्षर जोडत सही केली. तुझ्या परीक्षेचं हाय ना, मंग विचारतीस कशाला, एवढंच म्हणाली. आणि फोन समोर ठेवल्याबरोबर जी बोलायला लागली ती थेट तहसीलदारासमोर उभी असल्यासारखी. "आम्ही गहू तीन दिवस भिजवतो. त्यानंतर आम्ही तो स्वच्छ धुतो." वीस मिनिटं हेच. माझ्या कामाचा एक शब्द नाही. मला तिचा राग आला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई आजच कशी मास्तरीण झाली, असं मनात आलं.

मग मी स्क्रीनवर उगाच अंगठा टेकवला, झालं म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. फोन चालूच होता.

"बंद झालं का त्ये?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

हा 'हो' मी आजवर अनेक प्रकारे धुऊन पाहिला आहे. अभ्यासासाठी होता, घरातल्याच माणसाशी होता, वाईट हेतू नव्हता. तो काही निघत नाही. तो सरळसरळ खोटेपणा होता, आणि ज्या बाईनं माझी बाजू घेतली तिच्याशी केलेला होता.

ती ऐसपैस बसली. मी सहज म्हणून पहिल्या कुरडईबद्दल विचारलं. तू बाजूला बसतेस तेव्हा तुला काही वाटत नाही का, असं. ती आधी नेहमीचं हसली. मग आवाज खाली आणून सांगू लागली.

प्रेरणाच्या लग्नाच्या कुरडया होत्या. सवाष्णी उन्हं वर आल्यावर येणार होत्या. मोठी माय पहाटेच एकटी घराच्या धाब्यावर गेली. वाटीभर चीक वेगळा शिजवून तिनं स्वतःच्या हातानं एक कुरडई घातली, कोपऱ्यात वाळत ठेवली आणि वर पातेलं पालथं घातलं. नंतर पाचजणींनी हळदकुंकू लावून पहिली घातली ती खरं तर दुसरी होती. कुणाला कळलं नाही. "एकुलती एक पोर माझी. म्हणलं, येक तरी माझ्या हातची पडू दे." दीड वर्षानं प्रेरणाचं सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. त्यानंतर तिची कूस भरली नाही. मोठी माय म्हणाली, पोरीचं वाटोळं म्याच केलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रेरणाला तर नाहीच.

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला आनंद झाला. अकरा मिनिटं अस्सल, न थांबलेली बोली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फोन नीट चालू आहे ना, हे तिरक्या नजरेनं पाहिलं.

पुढचे पंधरा दिवस मी ते लिहून काढत होते. एकेक तुकडा दहा-दहा वेळा ऐकावा लागतो. ती रडली त्या जागी मी कंसात लिहिलं, विराम, चार सेकंद. वर्गात ते सादर केलं. बावीस मुलं होती. मिहिर नावाच्या मुलानं एका स्वराबद्दल चांगला प्रश्न विचारला, मी त्याचं उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. बाईंना हे रेकॉर्डिंग माहीत आहे ना, असं मॅडमनी विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले. दुसऱ्या वेळी ते सोपं गेलं. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले.

आठवड्यानं मॅडमनी बोलावून सांगितलं की रेकॉर्डिंग विभागाच्या संकेतस्थळावर ठेवायचं आहे, बोलणाऱ्याच्या नावागावासकट. त्यासाठी बाईंची आणखी एक सही लागेल. वैजापुरात प्रेरणाकडेही फोन आहे. आईचा आवाज तिला ओळखू येणार नाही का?

तरीही मी कागद घेऊन करमाडला गेलेच. मॅडमना नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मोठी माय काय, मी सांगेन तिथं सही करणार, हे मला ठाऊक होतं. ती ओसरीवर गहू निवडत होती. कागद पाहताच तिनं सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला, पेन मागितला आणि कुठं करू म्हणून विचारलं. वाचायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

मी जागा दाखवली नाही. कागदावर हात ठेवला आणि त्या दिवशी फोन चालू होता, हे सांगून टाकलं.

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. चेहरा उतरला तिचा. पहिला प्रश्न तिनं एवढाच विचारला, "परेरणाला कळलं?"

नाही म्हणाले. मी सगळं पुसून टाकीन, मॅडमना खरं सांगेन, गुण गेले तर जाऊ देत, असं भडाभडा बोलत सुटले. तिनं हातानं थांबवलं आणि म्हणाली, मला ऐकीव. दार लोटून आम्ही दोघी आत बसलो. अकरा मिनिटं ती स्वतःचा आवाज ऐकत होती, मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून. विराम, चार सेकंद आला तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

संपल्यावर ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती जणांनी ऐकलं?"

"वर्गातल्या बावीस जणांनी. मॅडम धरून तेवीस."

"आन तू?"

"मी चाळीसेक वेळा."

मग अगदी साध्या आवाजात, खरंच उत्तर हवं असल्यासारखं, तिनं विचारलं, "त्यात कुनी म्हनलं का गं, की बाई, ह्यात तुझा दोष न्हाई?"

मी वर्ग आठवला. मिहिरचा प्रश्न आठवला, टाळ्या आठवल्या. तिचा शब्दन् शब्द मी लिहिला होता, कुठला स्वर लांबला तेही लिहिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "कुणीच नाही."

"तू बी न्हाई?"

"मीपण नाही."