तिसऱ्या ‘नको’पर्यंत

मान वर केल्याशिवाय ज्यांचा मान राखताच येत नाही, असे व्याही साऱ्या ऑस्ट्रेलियात आमच्याच वाट्याला आले आहेत. माझ्या लेकीचे सासरे सहा फूट नऊ इंच. ऐन उमेदीत ते व्यावसायिक बास्केटबॉल खेळले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर एका युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, संघाचे कोच झाले. मुलांच्या लग्नात हौसेने अंतरपाट धरायला उभे राहिले. त्यांनी तो इतका उंच धरला, की वधूवरांनी खालूनच एकमेकांना मनसोक्त पाहून घेतलं. भटजी ‘खाली, खाली’ म्हणत होते आणि हे ‘नो वरीज, मेट’ म्हणत आणखी वर नेत होते.

सगळं जग त्यांना मैदानच दिसतं. माझी बायको तव्यावरची पोळी थेट ताटात टाकते, म्हणून ती पॉइंट गार्ड, म्हणजे अचूक पास देणारी. मी जेवून झाल्यावरही पाटावरून हलत नाही, म्हणून मी बेंच. पण आमच्या घरातली कुठली गोष्ट त्यांना खरी भावली असेल, तर ती म्हणजे आग्रह. बायकोने त्यांना नियम शिकवला होता, “पहिलं ‘नको’ मॅनर्सचं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं. त्यानंतर वाढलं तर तो छळ.” हे त्यांनी डावपेचांच्या वहीत आकृती काढून लिहून घेतलं.

मग लॉकडाउन आला. व्याही गॅरेजमधून ऑनलाइन सराव घ्यायचे. कॅमेऱ्यात फक्त हनुवटी मावायची, आणि पोरं त्या हनुवटीच्या हुकमावर आपापल्या खोलीत उड्या मारायची. तरी एकेक जण गळत गेला. युनिने कळवलं, की स्पर्धा सुरू होईल तेव्हा आठ खेळाडू उभे राहिले नाहीत तर संघच बंद. व्याह्यांकडे सात उरले होते. आठवा होता आमच्या जवळच्याच पेंडल हिल भागात राहणारा, सांगलीहून शिकायला आलेला ओंकार. त्याने नाव काढून घेतलं होतं.

व्यायामासाठी दोघांनी मिळून चालायची मुभा होती, म्हणून व्याही मला घेऊन त्याच्या कुंपणाशी गेले. “नको कोच, सॉरी,” ओंकार दारातूनच म्हणाला. “वन,” व्याही माझ्या कानात म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही सांगा ना यांना. वेअरहाउसच्या शिफ्टला कसाबसा जातो. बाकी कशात मनच लागत नाही. घरी जावं तर फ्लाइट्स बंद. खरंच नको.” “टू,” परतताना व्याही म्हणाले. मला वाटलं, संपलं. आता एकच ‘नको’ शिल्लक होतं, आणि नियम मोडणारा हा माणूस नव्हे.

तिसऱ्या दिवशी मात्र ते बास्केटबॉलबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. कुंपणापलीकडून त्यांनी आमच्या घरी ऐकलेला एकच मराठी शब्द विचारला. “जेवलास?”

ओंकार बघतच राहिला. “नाही,” म्हणाला, आणि पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही. बायकोने दिलेला डबा व्याह्यांनी कुंपणावरून हात लांबवून थेट त्याच्या पायरीवर ठेवला, आणि तिथेच उभं राहून त्याचं जेवण संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आम्ही निघालो तेव्हा मागून आवाज आला, “कोच, एकच मॅच हं!” आमच्याकडे ‘एकच’ म्हणजे किती, हे व्याह्यांना पोळ्यांवरून पक्कं ठाऊक होतं. परत येताना त्या वयस्क गुडघ्यांनी रस्त्यात चक्क उडी मारली.

पहिल्या सामन्याला प्रेक्षकांना आत मज्जाव होता. मी आणि बायको कार पार्कमध्ये उभे राहून चेंडूची धपधप ऐकत होतो. मग मोठा जल्लोष झाला आणि थोड्या वेळाने व्याही बाहेर आले.

“एट!” ते ओरडले. “ऑल एट!”

“पण जिंकलं कोण?” बायकोने विचारलं.

त्यांना क्षणभर आठवावं लागलं. “ओह. वी डिड.”

आणि ते फूटपाथच्या कडेला खाली बसले, मास्क काढून त्यानेच डोळे पुसत राहिले. मी जवळ जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचं डोकं वरून दिसलं. केस बरेच विरळ झाले होते.